एक लिव्हर, दोन चाकं

‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील!’ गाडी शिकवणाऱ्या काकाने, मामाने नाहीतर मोठ्या भावाने हे वाक्य ऐकवलं नाही, असा मराठी दुचाकीस्वार सापडणं अवघड. सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो, पण त्यापायी आपण गाडीचा सगळ्यात जोरकस ब्रेकच वापरायचा विसरतो. सपाट कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की सगळं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं पडतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या चाकाकडे जातं. हलक्या झालेल्या मागच्या चाकाला करकचून धरलं, तर ते जाम होऊन सरकतं.

मागचाच ब्रेक दाबायच्या या सवयीवर तोडगा म्हणून दोन्ही चाकांचे ब्रेक एकमेकांना जोडायची कल्पना निघाली. त्यात पुढे एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं आणि जगभरच्या बाईकवाल्यांमध्ये वाद पेटला. त्या वादातले हे काही चटकदार तुकडे.

दोन सेकंदांचा खेळ

१९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाचा अहवाल आला. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची त्याच्या चमूने जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यात दिसलं ते असं, की धडक टाळायला स्वाराच्या हातात साधारण दोन सेकंदांहून कमी वेळ असतो. तेवढ्यात घाबरलेला माणूस मागचा ब्रेक दाबून चाक घसरवतो आणि पुढच्या ब्रेकचा पुरेसा उपयोगच करत नाही. म्हणजे आपल्या गल्लीतल्या काकांचा सल्ला कॅलिफोर्नियातले स्वारही न ऐकता पाळत होते! दोन ब्रेकांचं गणित दोन सेकंदांत डोक्यात जुळवणं भल्याभल्यांना जमत नाही. मग ते गणित गाडीनेच का करू नये? जोडलेल्या ब्रेकांच्या बाजूने आजही हाच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

शंभर वर्षांपूर्वीची ‘नवी’ गोष्ट

शोरूममधला मुलगा कॉम्बी ब्रेक, म्हणजे जोडलेला ब्रेक, अगदी ताजा शोध असल्यासारखा समजावून सांगतो. प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या रज कंपनीने १९२५ च्या सुमारासच पायाच्या एका पॅडलवर दोन्ही चाकांचे ब्रेक जोडले होते. याच कंपनीच्या गाडीवर ग्रॅहम वॉकर यांनी १९२८ ची अल्स्टर ग्रां प्री जिंकली आणि त्या विजयावरून ‘रज अल्स्टर’ हे मॉडेल निघालं. फॉर्म्युला वन बघणाऱ्या जुन्या मंडळींना वॉकर हे आडनाव ओळखीचं वाटेल. शर्यतींचे गाजलेले समालोचक मरे वॉकर हे या ग्रॅहम यांचेच चिरंजीव.

पन्नास वर्षांनी इटलीच्या मोटो गुझीने हीच कल्पना डिस्क ब्रेकवर आणली. १९७५ च्या ८५० टी३ या गाडीला पुढे दोन डिस्क होत्या. पायाचं पॅडल दाबलं की मागची डिस्क आणि पुढच्या दोनपैकी एक डिस्क धरली जायची. हाताचा लिव्हर उरलेल्या एका डिस्कपुरता. जुने गुझीवाले या पॅडलवर जीव टाकतात. रोजच्या फिरण्यात त्यांना हाताचा लिव्हर फारसा लागतच नाही.

एनफिल्डच्या हातून निसटलेली संधी

हा तुकडा माझा सगळ्यात आवडता. विमान धावपट्टीवर उतरताना चाकं जाम होऊ नयेत म्हणून डनलॉप कंपनीने मॅक्सारेट नावाचं यंत्र बनवलं होतं. १९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने ते एका मोटरसायकलवर बसवून पाहिलं. ती मोटरसायकल होती रॉयल एनफिल्डची सुपर मीटिओर. निकाल जोरदार आले. निसरड्या पृष्ठभागावर, चाक जाम करून थांबण्याच्या तुलनेत, थांबण्याचं अंतर काही चाचण्यांत ३० टक्क्यांपर्यंत घटलं. एवढं होऊनही एनफिल्डचे तेव्हाचे तांत्रिक संचालक टोनी विल्सन-जोन्स यांना त्यात भवितव्य दिसलं नाही आणि प्रकरण फायलीत गेलं.

एबीएस असलेली पहिली मोटरसायकल बाजारात यायला त्यानंतर तीस वर्षं लागली. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर ते आलं. एनफिल्ड दरम्यान पूर्णपणे चेन्नईची झाली आणि २०२३ मध्ये तिने सुपर मीटिओर हेच नाव भारतात नव्या ६५० सीसी गाडीला दिलं. या गाडीला दोन्ही चाकांवर एबीएस आहे. नाव तेच, तंत्र तेच, मध्ये पासष्ट वर्षं गेली. या पासष्ट वर्षांत ओल्या रस्त्यांवर किती चाकं सरकली असतील, या विचाराने मला खरोखर हळहळ वाटते.

जोडलेले वेगळे, न जाम होणारे वेगळे

इथे थोडं थांबू या, कारण गल्लत नेमकी इथे होते. जोडलेला ब्रेक, म्हणजे आपल्याकडचा सीबीएस, तुमच्या दाबाची दोन्ही चाकांत वाटणी करतो. चाक जाम होणार की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. एबीएसचं काम उलट. वाटणीशी त्याचा संबंध नाही; चाक अचानक फार हळू फिरू लागलं की सेन्सर ते टिपतो आणि यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा देते, पुन्हा सोडते, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा. दोन्ही एकाच गाडीत असतील तर त्याला जोडलेलं एबीएस म्हणायचं.

म्हणून ‘आपल्या स्कूटरला सीबीएस आहे, आता पावसात चिंता नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. सीबीएसवाली स्कूटर ओल्या रंगाच्या पट्ट्यावर, शेवाळलेल्या काँक्रीटवर किंवा ट्रॅक्टरने आणलेल्या चिखलावर खुशाल घसरू शकते.

आता आपल्या साध्या स्कूटरकडे जरा जवळून पाहा. पुढे ड्रम ब्रेक असलेली सीबीएसची स्कूटर स्टँडवर लावा, डावा लिव्हर हळूहळू दाबा आणि नजर पुढच्या चाकाच्या ड्रमवर ठेवा. वायर जिथे अडकवलेली असते ती लोखंडी आर्म किंचित पुढे सरकलेली दिसेल. डावा लिव्हर पूर्वी फक्त मागच्या चाकाचा होता, आता त्याच्या वायरीच्या वाटेत इक्वलायझर नावाचा एक छोटा भाग बसलेला असतो आणि तो थोडी ओढ पुढच्या चाकाकडे पाठवतो. भारतात होंडाने २००९ मध्ये अ‍ॅक्टिव्हावर ही सोय आणली. मेस्त्री वायर ताणून देताना बहुतेक वेळा मागचाच ब्रेक बघतो. त्याला पुढची जोडवायरही बघायला सांगत जा, नाहीतर लिव्हर दाबूनही वाटणी नीट होत नाही.

एका गुणाची पाच नावं

होंडा त्याला कॉम्बी ब्रेक म्हणते, हीरो आयबीएस म्हणते, यामाहा यूबीएस, टीव्हीएस एसबीटी, आणि बजाजने काही गाड्यांवर अँटी-स्किड असंही नाव लावलं. गाडी घेताना या अक्षरांवर वेळ घालवू नका. ‘कुठला लिव्हर दाबला की कुठली चाकं धरतात, आणि एबीएस आहे की नाही’ एवढं सरळ विचारा. ‘अँटी-स्किड’ म्हटलं म्हणून ते एबीएस होत नाही.

हाताने की पायाने?

जोडायचं ठरलं, तरी कशाला काय जोडायचं यावर कंपन्यांचं एकमत नाही आणि स्वारांचंही नाही. आपल्या कम्यूटर गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, कारण सामान्य माणूस मागचाच दाबतो हे गृहीत धरलेलं आहे. बीएमडब्ल्यूच्या कित्येक गाड्यांत याच्या उलट मांडणी असते. हाताचा लिव्हर दोन्ही चाकं धरतो आणि पायाचं पॅडल फक्त मागचं. लांबच्या प्रवासाला सामान लादून निघालेल्या, खडीवर आणि कच्च्या वाटेवर जाणाऱ्या स्वारांना ही मांडणी मनापासून आवडते. वेगात थांबायला हात, हळू चालताना गाडी सावरायला पाय.

होंडाने १९९३ मध्ये सीबीआर१०००एफवर आणि पुढे सुपर ब्लॅकबर्डवर दोन्हीकडून जोडणी केली. हात दाबा किंवा पाय, दोन्ही चाकं धरतात. यातली करामत बघण्यासारखी आहे. पुढचा ब्रेक लागला की फिरत्या डिस्कच्या ओढीने पुढचा कॅलिपर जागच्या जागी जरासा सरकतो, ती हालचाल फोर्कवर बसवलेल्या एका छोट्या दुय्यम मास्टर सिलिंडरला दाबते आणि तिथून दाब एका झडपेतून मागच्या चाकाकडे जातो. कुठलंही कॉम्प्युटर नाही, वायर नाही, फक्त तेल आणि धातू! मात्र मेकॅनिक मंडळी या ब्रेकवर खूश नव्हती. ब्रेक ऑइल बदलताना हवा काढायच्या जागा अनेक, त्यांचा क्रम ठरलेला आणि काम लांबलचक. काही हौशी स्वारांनी सरळ जोडणी तोडून ब्रेक पुन्हा वेगळे करून घेतले. परदेशात ब्रेकांची ‘डी-लिंकिंग’ ही एक छोटी हौसच होऊन बसली.

यू-टर्नला काय होतं?

जोडलेल्या ब्रेकांबद्दलची तक्रार कुठल्याही देशातल्या स्वाराला विचारा, पहिली येईल ती अगदी हळू वेगाची. गर्दीत, पार्किंगमध्ये, अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना जाणता माणूस क्लच अर्धा धरतो आणि मागच्या ब्रेकने गाडी बांधून ठेवतो. अशा वेळी पायाने दाबलेला ब्रेक पुढच्या चाकालाही लागला, तर हॅण्डल वळलेलं असताना गाडी पुढे नाक मारते आणि जड गाडी अंगावर येते. तीन-साडेतीनशे किलोच्या टूरिंग गाडीवर हा धक्का चांगलाच जाणवतो.

तक्रार रास्त होती आणि ती ऐकली गेली. हार्लेने २०१४ च्या मोठ्या टूरिंग गाड्यांवर जोडलेलं एबीएस आणलं, तेव्हा ताशी साधारण ४० किलोमीटरच्या खालच्या वेगात जोडणी आपोआप सुटेल अशी सोय केली. वेगात जोडलेले, हळू चालताना वेगळे. या सोयीला स्वारांनी मनापासून दाद दिली आणि मला वाटतं, वादाचा निम्मा भाग तिथेच मिटला.

बीएमडब्ल्यूलाही स्वारांनी असंच वळणावर आणलं. २००१ च्या सुमारास तिने जोडलेल्या एबीएसमध्ये विजेवर चालणारा सर्व्हो पंप घातला. ब्रेकला हात लावला की पंपाचा ‘विंऽऽऽ’ असा आवाज यायचा, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या स्वारांनी त्याला ‘व्हिझी ब्रेक्स’ असं नाव ठेवलं. एका बोटाने प्रचंड गाडी थांबायची, पण सावकाश चालताना ब्रेक फार तीक्ष्ण लागायचा, आणि इग्निशन बंद करून उतारावर गाडी ढकलताना सर्व्होची मदत गेल्याने ब्रेक एकदम दगड व्हायचा. २००६ नंतरच्या गाड्यांतून हा सर्व्हो गेला, जोडलेलं एबीएस मात्र राहिलं.

रेसवाल्यांचं वेगळंच म्हणणं

मोटोजीपीमध्ये एबीएसला मुळी परवानगीच नाही. तिथला स्वार मागच्या ब्रेकने वळणात गाडीची रेषा आखतो, आणि त्यासाठी तो ब्रेक पूर्ण त्याच्या ताब्यात हवा असतो. ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहानचा उजवा पाय १९९२ च्या अपघातात इतका जायबंदी झाला, की पॅडल दाबणं कठीण झालं. त्याच्यासाठी मागचा ब्रेक डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणला गेला आणि त्यानंतर त्याने १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं विश्वविजेतेपद जिंकलं! आता धडधाकट पायांचे स्वारही अंगठ्याचा ब्रेक लावून घेतात.

होंडाने २००९ मध्ये रेसच्या वळणाच्या सीबीआर६००आरआर आणि १०००आरआर या गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक जोडलेलं एबीएस दिलं. लिव्हरखाली जाणवणारा दाब तिथे खास यंत्राने निर्माण केलेला असतो आणि ब्रेकला प्रत्यक्ष दाब देते मोटर. तरीही हाताला फरक कळत नाही, असं चालवणाऱ्यांनी सांगितलं. आक्षेप राहिला तो साधारण १० किलो वाढलेल्या वजनावर. वजनाचं म्हणाल, तर बीएमडब्ल्यूचं १९८८ चं पहिलं एबीएस ११ किलोंचं होतं. २०१० च्या आसपास बॉशचं मोटरसायकलसाठीचं एबीएस युनिट ७०० ग्रॅमवर आलं. ‘वजन वाढतं’ हा आक्षेप आज कुणी घेऊ नये.

चाकणची गाडी, जगाचा प्रश्न

पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या गाड्या तयार होतात. ३९० ड्यूकला सुपरमोटो मोड आहे, ज्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं आणि पुढचं चालू राहतं. ३९० अ‍ॅडव्हेंचरला तर वळणात झुकलेल्या गाडीचा कोन ओळखून दाब ठरवणारं कॉर्नरिंग एबीएसही मिळालं. हे तंत्र आधी आलं केटीएमच्याच मोठ्या ११९० अ‍ॅडव्हेंचरवर. एनफिल्डच्या हिमालयनलाही पुढे मागचं एबीएस बंद करायचं बटण आलं.

या बटणामागे पुन्हा स्वारांचंच म्हणणं आहे. खडी, वाळू, मुरूम अशा भुसभुशीत जमिनीवर जाम झालेलं चाक समोर मातीचा ढीग करतं आणि त्या ढिगाने गाडी थांबते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे उतारावर गाडी थांबायलाच तयार नाही असं वाटतं. कच्च्या वाटेवर मागचं एबीएस बंद करणं शहाणपणाचं आहे. डांबरावर परत आलात की ते चालू करायला विसरू नका. बहुतेक गाड्यांत इग्निशन बंद करून चालू केलं की ते आपोआप परत येतं, तरी खात्री करून घ्या.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या दुचाकींना नियम लागू झाला. १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं, १२५ पर्यंत एबीएस किंवा सीबीएस. युरोपने जवळपास असाच नियम २०१६-१७ मध्ये केला होता. अमेरिकेत अशी सक्ती आजही नाही, आणि गंमत म्हणजे एबीएसच्या बाजूचे सगळ्यात ठोस आकडे तिथूनच आलेत. तिथल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या अभ्यासात एबीएस असलेल्या मोटरसायकलींचे प्राणघातक अपघात सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळले. विम्याच्या दाव्यांच्या २०१३ च्या अभ्यासात तर जोडलेल्या ब्रेकांची बाजू आणखी उजळ निघाली. नुसत्या एबीएसने धडकेचे दावे २० टक्क्यांनी घटले, एबीएस आणि जोडलेले ब्रेक दोन्ही असतील तर ३१ टक्क्यांनी.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत गेलेल्यांपैकी ४४.५ टक्के माणसं दुचाकीवरची होती. जून २०२५ मध्ये केंद्राने सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदा काढला, तेव्हा चर्चा वाढीव किमतीभोवतीच फिरली. मुद्दा खोटा नाही. एबीएसला तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक लागतो, म्हणजे ड्रमच्या जागी डिस्क आली, आणि खर्च वाढला. तरीही रोज डबलसीट, पावसाळ्यात, खड्ड्यांतून जाणाऱ्या १०० सीसीच्या माणसालाच एबीएसची सगळ्यात जास्त गरज आहे, असं माझं ठाम मत आहे.

दिवा पेटला म्हणून घाबरू नका

चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा पेटतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. चाकं फिरल्याशिवाय यंत्रणेला स्वतःची तपासणीच करता येत नाही. पॅडॉक स्टँडवर लावून चेनला तेल देताना इंजिनने मागचं चाक फिरवलं, तर दिवा पेटून राहू शकतो, कारण एक चाक पळतंय आणि दुसरं थांबलंय हे सेन्सरला पटत नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बहुधा तो जातो. चालत्या रस्त्यावर मात्र दिवा जात नसेल, तर एबीएस झोपलंय असं समजा. ब्रेक लागेल, पण चाक जाम होऊ शकेल. डिस्कच्या आतल्या खाचांच्या चकतीवर आणि सेन्सरवर चिखल बसलाय का, हे आधी पाहा.

नवशिक्यांचे सगळ्यात मोठे गैरसमज पहिल्यांदा एबीएस लागतं तेव्हाच होतात. लिव्हर बोटांखाली थडथडतो, पॅडल पायाला धक्के देतं, आणि माणूस काहीतरी तुटलं समजून ब्रेक सोडून देतो. नेमक्या तेव्हाच तो धरून ठेवायचा असतो.

म्हणून एवढंच करा. येत्या रविवारी सकाळी एखादं रिकामं, कोरडं मैदान किंवा बंद रस्ता गाठा, हेल्मेट घाला, सोबत कुणाला तरी उभं करा. ताशी ३० च्या वेगाने या, आधी हलका आणि मग प्रत्येक खेपेला थोडा अधिक जोराने दोन्ही ब्रेक दाबा. तुमच्या गाडीचा कुठला लिव्हर कुठल्या चाकाला धरतो, ते हाताला कळू द्या. एबीएस असेल तर ते थडथडेपर्यंत दाबा आणि सोडू नका. एबीएस नसेल, नुसतं सीबीएस असेल, तर चाक सरकायच्या आधी कुठे थांबायचं ते शिका. आणि घरातल्या मुलामुलींना गाडी शिकवाल तेव्हा पुढच्या ब्रेकची भीती घालू नका, तो कसा दाबायचा ते दाखवा.